पूर ओसरल्यावर शाळा कुठून सुरू करावी?

कृष्णाकाठच्या एका गावातील जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. या पावसाळ्यात शाळेची जुनी इमारत पाण्याखाली होती आणि उंचावरच्या नव्या खोल्यांत पूरग्रस्त कुटुंबे राहत होती, त्यामुळे साडेतीन आठवडे वर्ग भरले नाहीत. काही मुले अजून नातेवाइकांकडेच आहेत, जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची कायम नोंदवही) भिजले आहे आणि चाचणी परीक्षा तोंडावर आली आहे. पुरात वडील गमावलेल्या दोन भावंडांना पुण्याला नेऊन शिकवण्याची तयारी एका संस्थेने दाखवली आहे. अशा स्थितीत बुडालेला अभ्यासक्रम जादा तास घेऊन कसा भरून काढावा, असे बाई विचारतात.

बाई, जादा तास सध्या सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत पुस्तक वाचून झालेले नाही. माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून ते आले आहे, म्हणून आधी ती चूक सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. सहामाही परीक्षा जवळ आलेली होती. दिवाळीच्या सुमारास आम्ही काही जण औसा तालुक्यातील एका गावी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा चालवू लागलो. मुले भरभरून येत, कारण घर म्हणावे असे दुसरे काही त्यांच्यापाशी उरले नव्हते. आम्ही उत्साहाने पाठ्यपुस्तके मिळवली, ज्या पाठापाशी शिकवणे थांबले होते तो पाठ उघडला, आणि मार्चपर्यंत ‘पोर्शन’ पुरा करण्याची शर्यत लावली. ती आम्ही जिंकलो. एप्रिलमध्ये सहज म्हणून तिसरीच्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचायला दिला, तेव्हा निम्म्याहून अधिक मुले शब्दावर बोट ठेवून गप्प उभी राहिली. हजेरीपट भरलेला होता, वह्या भरलेल्या होत्या, फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेतलेले होते. भूकंपाने त्या मुलांचे दीड महिन्याचे शिक्षण नेले होते. उरलेले सहा महिने आम्ही घालवले.

पुढे अनेक वर्षांनी या अनुभवाला आधार देणारा एक अभ्यास वाचनात आला. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी, शाळा भरल्यानंतर, पाकिस्तानच्या उत्तर भागात आणि काश्मीरमध्ये मोठा भूकंप झाला होता. चार वर्षांनी संशोधकांनी भ्रंशरेषेजवळच्या (भूकंपात जमीन जिथे सरकली त्या रेषेजवळच्या) आणि तिच्यापासून दूरच्या गावांची तुलना केली. मदतीच्या पैशातून घरे पुन्हा उभी राहिली होती, मोठ्या माणसांच्या आर्थिक स्थितीत जवळच्या आणि दूरच्या गावांत फारसा फरक राहिला नव्हता, आणि मुलांची शाळेतील नोंदणीही पूर्वपदावर आली होती. तेथील शाळा सरासरी सुमारे १४ आठवडे बंद होत्या; परंतु भ्रंशरेषेजवळची मुले वाचन-गणितात सुमारे दीड ते दोन वर्षांच्या शिक्षणाइतकी मागे आढळली. म्हणजे नुकसानीचा मोठा भाग शाळा सुरू झाल्यानंतर साचत गेला होता. आपल्या इयत्तेचा अभ्यासक्रम ठरलेल्या वेगाने पुढे सरकत राहिला आणि मागे पडलेले मूल दर महिन्याला आणखी मागे पडत गेले, असा संशोधकांचा कयास आहे. माझ्या त्या शेडमध्ये नेमके हेच घडले होते. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो: ज्या मुलांच्या आईचे निदान प्राथमिक शिक्षण झालेले होते, त्यांच्यात ही पिछाडी जवळजवळ दिसली नाही. याचा आपल्यापुरता अर्थ सरळ आहे. ज्या घरात आई शिकलेली नाही, त्या घरातील मुलाचा आपल्या वेळेवर पहिला हक्क आहे. जादा तासांना मात्र नेमकी उलटीच मुले वेळेवर येऊन बसतात.

म्हणून शाळा सुरू करताना पहिले काम म्हणजे प्रत्येक मूल आज कुठे आहे हे पाहणे. त्यासाठी लेखी चाचणी घेऊ नये. दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला जवळ बसवून अक्षरे, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते ऐकावे. गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार यांपैकी कुठपर्यंत पोचले आहे ते पाहावे. एका मुलाला पाच-सात मिनिटे लागतात, आणि साठ मुलांची शाळा दोन शिक्षक दोन दिवसांत सहज तपासतात. ‘असर’ची, म्हणजे ‘प्रथम’ संस्थेतर्फे घरोघरी जाऊन होणारी मुलांच्या वाचन-गणिताची, पाहणी आपल्या गावात कधी झाली असेल, तर ही पद्धत शिक्षकांच्या ओळखीची असेल. त्यानंतर रोजचे पहिले दोन तास इयत्ता विसरून मुलांना या पातळ्यांप्रमाणे बसवावे. चौथीतील मूल अक्षरगटात बसले तर त्याला लाज वाटेल, ही शंका प्रत्येक शाळेत निघते. पण गटांना फुलांची किंवा नद्यांची नावे दिली, आणि दर पंधरा दिवसांनी गट बदलतात हे मुलांना दिसले, की ही लाज टिकत नाही. लाज खरी वाटते ती मोठ्या माणसांना.

उरलेल्या वेळात इयत्तेचा अभ्यासक्रम चालू द्यावा, पण त्यातही निवड करावी. गणितात स्थानिक किंमत आणि चार मूलभूत क्रिया सोडून पुढे जाता येत नाही, कारण पुढचे सगळे त्यांवर उभे असते. परिसर अभ्यासातील एखादा पाठ मात्र डिसेंबरमध्ये घेतला किंवा नुसता वाचून घेतला, तरी काही बिघडत नाही. (यंदा नदी, पाऊस आणि जमीन यांवरचे पाठ आपोआप झालेले आहेत, असे एक शिक्षक मला म्हणाले होते. ते विनोदाने म्हणाले होते, पण खोटे नव्हते.) भाषेच्या तासाला पाठांची संख्या मोजू नये, मुलाने रोज काही तरी स्वतः वाचले आणि दोन ओळी स्वतःच्या मनाने लिहिल्या, तर तो तास सार्थकी लागला असे समजावे.

अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचा आग्रह वरून येतो, हे मला ठाऊक आहे. त्यावर आपल्या बाजूने कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाने ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करावा असे म्हटले आहे, आणि त्याच्या लगेच पुढच्या खंडात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे पूरक अध्यापन द्यावे, असेही म्हटले आहे. अधिकाऱ्यांना पहिले वाक्य तोंडपाठ असते. दुसरे आपण दाखवावे लागते. कलम २९ तर मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानते. शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलवावी, पातळ्यांचा तक्ता सभेपुढे ठेवावा, दिवाळीपर्यंत पहिले दोन तास वाचन-गणितासाठी राहतील असा ठराव करून घ्यावा आणि त्याची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. ठराव हाती असला की बोलणे सोपे जाते. वर्षाचे किमान दिवस, म्हणजे पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२०, हे भरून काढण्यासाठी शनिवार पूर्णवेळ करणे आणि सुट्ट्यांतील काही दिवस घेणे पुरते. संध्याकाळचे जादा तास घ्यायचेच असतील, तर ते दोन महिन्यांनी, आणि फक्त ज्यांना गरज आहे अशांसाठी घ्यावेत. सध्या संध्याकाळी मुले घरातला चिखल काढत आहेत.

आता जागेविषयी. जुन्या इमारतीत मुलांना बसवण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी आणि अभिप्राय लेखी घ्यावा. तोंडी ‘चालेल’ यावर विसंबू नये. नऊ-दहा दिवस पाण्यात राहिलेल्या मातीच्या जोत्याची भिंत वाळताना खचते, म्हणून पाणी असताना उभी राहिलेली भिंत ऊन पडल्यावर पडलेली मी पाहिली आहे. खोली धोकादायक ठरली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती बाद ठरवून नोंदीतून काढण्याचा, प्रस्ताव त्याच आठवड्यात द्यावा, कारण निर्लेखन झाल्याशिवाय नवी खोली मंजूर होत नाही. वायरिंग तपासून घ्यावे, पाण्याची टाकी उपसून व घासून ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करावी, आणि गाळ काढण्याच्या कामाला मुलांना लावू नये. गाळात काचा असतात आणि सापही असतात. नव्या खोल्यांत अजून कुटुंबे राहत असतील, तर त्यांना हुसकावणे योग्य नाही, पण त्यांना समाजमंदिरात किंवा मंगल कार्यालयात हलवण्याची विनंती तहसीलदारांना लेखी करावी. तोवर मंदिराच्या सभामंडपात सकाळचे तीन तास शाळा भरली तरी चालते. या टप्प्यावर ठरलेल्या वेळी घंटा होणे, बाई दिसणे आणि शालेय पोषण आहार शिजणे यालाच मोठे मोल आहे. पुराने ज्या घरांतील धान्य कुजले, त्या घरातील मुलासाठी प्राथमिकचे रोजचे १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकचे १५० ग्रॅम धान्य हा आकडा कागदावरचा राहत नाही. स्वयंपाकी मदतनीस ताई स्वतः पूरग्रस्त असतील, तर बचत गटाकडून काही दिवस पर्यायी व्यवस्था करावी.

शिक्षकांना पंचनामे आणि मदतवाटप यांसाठी नेले जाते, याची तक्रार आपण प्रश्नात केलेली नाही; पण ती असणारच. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना आणि निवडणुकांबरोबर आपत्ती निवारणाचे काम अपवाद म्हणून धरलेले असल्याने नकार देता येत नाही. निदान प्रत्येक शाळेतील एक शिक्षक शाळेतच राहील एवढे पदरात पाडून घ्यावे. दोन शिक्षकी शाळेतील दोघेही पंचनाम्याला गेले, तर आपत्ती आणखी तीन आठवड्यांनी लांबते.

मुलांच्या भीतीविषयी लोक एक तर फार बोलतात किंवा काहीच बोलत नाहीत. किल्लारीच्या परिसरात धक्के आणि जमिनीतून येणारे आवाज पुढे कित्येक महिने चालू होते, त्यामुळे रस्त्यावरून ट्रक गेला तरी आमचा अख्खा वर्ग शेडबाहेर पळत असे. तो पळाला की आम्हीही बाहेर जात असू, तिथेच पाढे म्हणत असू आणि मग आत येत असू. काही आठवड्यांनी निम्मी मुले पळेनाशी झाली. आपल्याकडे पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला की मुले लिहायची थांबतील, खिडकीकडे पाहतील, लहान मुले घरी जायचे म्हणतील. अशा वेळी ‘घाबरू नका’ असे बजावण्याऐवजी नदीची पातळी आज किती आहे हे फळ्यावर लिहावे. राजापूर बंधाऱ्याची किंवा जवळच्या पुलाची रोजची पातळी मोठ्या मुलांनी नोंदवून तिचा आलेख काढला, तर भीतीला आकडा मिळतो आणि आकड्याशी बोलता येते. मुले पूर-पूर खेळतील, होडी उलटवतील, म्हैस वाहून नेतील. तो खेळ थांबवू नये. पाहुणे आल्यावर मात्र मुलांकडून पुराची चित्रे काढून घेणे किंवा ‘सांग बाळा, तुझ्या घराचे काय झाले’ असे विचारणे कटाक्षाने टाळावे. एकाच मुलीने एकच हकीकत तीन दिवसांत पाच वेळा कॅमेऱ्यासमोर सांगितलेली मी पाहिली आहे, आणि पाचव्या वेळी ती पाठ केल्यासारखी बोलत होती. महिना उलटल्यावरही एखादे मूल बोलत नसेल, झोपत नसेल, मोठे असून अंथरूण ओले करत असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाकडे पाठवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

नातेवाइकांकडे गेलेल्या मुलांची नावे पटावरून काढू नयेत, आणि ती जिथे आहेत तिथल्या शाळेत बसती व्हावीत यासाठी आपणच फोन करावा. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे कलम ५ सांगते. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांना हे माहीत असते, पण दुसऱ्या मुख्याध्यापकाने आठवण करून दिली की लवकर आठवते. माझी खरी काळजी सातवी-आठवीच्या मुलांची आहे. ज्या शेतमजूर कुटुंबांचा ऊस-भाजीपाल्यातील रोजगार बुडाला, त्यांचे थोरले मूल ‘दोन महिन्यांसाठी’ इचलकरंजीला यंत्रमागावर जाते आणि परत येत नाही. मुलींच्या बाबतीत किल्लारी भागात मी पाहिले, की घर उभे राहण्यापूर्वी काही घरांनी लग्न उरकले, कारण पत्र्याच्या शेडमध्ये वयात आलेली मुलगी ठेवणे आईबापांना जोखमीचे वाटे. म्हणून हजेरी घेताना सलग तीन दिवस गैरहजर मूल दिसले, की चौथ्या दिवशी घरी जावे. पंधरवड्याने गेल्यास बहुधा उशीर झालेला असतो. बालविवाहाची कुणकुण लागली तर गावपातळीवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर नाव न सांगताही कळवता येते.

भिजलेल्या जनरल रजिस्टरची पाने ओढून सुटी करू नयेत आणि ते उन्हातही ठेवू नये. सावलीत, पंख्याखाली, रजिस्टर उभे करून पाने आपोआप सुटू द्यावीत, सुटतील तशी मधे कोरे शोषक कागद घालावेत आणि दर काही तासांनी बदलावेत. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या पानाला लागते, म्हणून ते टाळलेले बरे. प्रत्येक वाचता येणाऱ्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्यावा. जे गेले त्याचा पंचनामा करून घ्यावा. यू-डायस आणि सरल या सरकारी ऑनलाइन प्रणालींतील नोंदी, जुन्या दाखल्यांच्या स्थळप्रती आणि पालकांकडील प्रगतिपुस्तके यांवरून नोंद पुन्हा बांधता येते, मात्र ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनेच करावी. जातीच्या दाखल्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीची नोंद शोधत येणारा माणूस या एका वहीवर अवलंबून असतो, हे आपणास वेगळे सांगायला नको.

त्या दोन भावंडांविषयी. १९९३ नंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवले, आणि त्यांतील अनेक जण चांगले उभे राहिले. त्याच काळात राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गला ‘आपलं घर’ सुरू केले, जिथे अनाथ मुले आपल्याच भागात, आपल्याच बोलीत वाढली. हराळीला ज्ञान प्रबोधिनीने तर भूकंपानंतर शाळाच उभारली. तिन्ही प्रयत्न मनापासूनचे होते, आणि आई-वडील दोन्ही गेलेल्या, गावही उरले नाही अशा मुलांसाठी दूरची संस्था हा खरोखर आधार ठरला. परंतु आपण लिहिता त्या मुलांची आई आहे, गाव आहे, शाळा आहे. वडिलांपाठोपाठ आईपासूनही त्यांना दूर करण्यासाठी फार सबळ कारण हवे, आणि ‘तिथे शिक्षण चांगले आहे’ हे मला तेवढे सबळ वाटत नाही. एक पालक असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेखाली दरमहा अनुदान मिळू शकते. त्याचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे आईच्या नावाने भरून द्यावा. आईनेच पाठवायचे ठरवले, तर आधी प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे, संस्थेची नोंदणी तपासावी आणि भावंडांची ताटातूट होणार नाही, हे लिहून घ्यावे. संस्थेची गाडी दारात उभी असताना हा निर्णय घेऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात तेच परिच्छेद आणि त्याच वजाबाक्या पुन्हा एकदा प्रत्येक मुलाकडून करून घ्याव्यात आणि पहिल्या तक्त्याशेजारी दुसरा मांडावा. अक्षरगटातील एकही मूल हलले नसेल, तर त्या गटाचे शिक्षक बदलावेत किंवा तो गट आपण स्वतः घ्यावा. दोन्ही तक्ते मला पाठवलेत, तर पुढच्या सत्राचे नियोजन त्यांवरून करता येईल.